बडोदा: मिळालेली खोली आणि न मिळालेली खोली

शुक्रवार

उत्तरायण नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे बडोद्यात अजून झाडाझाडांवर फाटके पतंग आणि तारांवर मांजा लोंबत होता. रिक्षातून मांजलपूरला आत्याकडे जाताना तेच बघत होते. आत्याचं सगळं आयुष्य दांडिया बाजारात गेलं, फ्लॅटमध्ये येऊन थोडीच वर्षं झालीत, अजून ती दांडिया बाजारला जायचं म्हणजे "घरी जाऊन येते" असं म्हणते. चहा झाला, लीलो चिवडो झाला, रात्रीच्या ट्रेनने आलीयेस जरा पड म्हणत होती पण मी आंघोळ करून लगेच निघाले.

येण्याचं कारण सांगते. मी वारीला जाते, आमच्या भजनी मंडळात हरिपाठ म्हणते आणि वॉर्डात पाणी-कचरा यावर काम करणाऱ्या ग्रुपमध्येही आहे. मंडळ ज्या वस्तीतल्या देवळात जमतं तिथे उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नाही. मंडळाच्या नावाने एक निवेदन देऊ या असं मी म्हटलं तर एक वडीलधारे म्हणाले, "माउलींच्या दारात राजकारण नको." कुणी काही बोललं नाही, टाळ उचलले आणि भजन सुरू झालं. देवळात पक्षाचे झेंडे शिरले की काय होतं ते मीही बघितलंय, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. पण ज्या बायका आमच्यासोबत "अवघाचि संसार" म्हणतात त्याच पहाटे हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, मग त्यांचं पाणी देवाच्या दाराबाहेरचं कसं? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि बडोदा हे या प्रश्नाचंच गाव आहे असं मला फार दिवस वाटत होतं, कारण अरविंद घोष, विनोबा आणि बाबासाहेब, तिघांच्या आयुष्यातलं मोठं वळण इथे आहे आणि तेही दहा वर्षांच्या आत: १९०८, १९१६, १९१७.

आज अरविंद निवास, म्हणजे अरविंद बडोद्यात असताना राहायचे ते घर. दांडिया बाजारच्या गर्दीत रिक्षा, स्कूटर, दुकानं, आणि एकदम आत वळलं की लाल इमारत, बाग, शांतता. अरविंद फेब्रुवारी १८९३ मध्ये विलायतेहून थेट सयाजीरावांच्या नोकरीत आले तेव्हा वीस वर्षांचे होते, बडोद्यात राहिले १९०६ पर्यंत. इथेच मराठी, गुजराती, संस्कृत, बंगाली शिकले, कॉलेजात आधी फ्रेंच मग इंग्रजी शिकवलं. आल्याआल्याच मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवर इतके कडक लेख लिहिले की न्यायमूर्ती रानड्यांनी वर्तमानपत्राच्या मालकाला सावध केलं. म्हणजे राजकारण आधी. योग नंतर, १९०४ च्या सुमाराला प्राणायाम सुरू केला तो, आणि तोही मोक्षासाठी नाही. पुढे १९०९ मध्ये उत्तरपाड्याच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितलंय की मी मुक्ती मागत नव्हतो, या देशाला उठवायची ताकद मागत होतो. हे वाचून मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसले.

मग ती प्रसिद्ध गोष्ट. डिसेंबर १९०७, सुरतेला काँग्रेस फुटली, जहाल-मवाळ वेगळे झाले. तिथून अरविंद बडोद्याला आले तर मुलांनी गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढली. कॉलेजच्या प्रिन्सिपलने बंदी घातलेली असूनही. इतकी हवा तापलेली असताना हा माणूस विष्णू भास्कर लेले या आपल्या मराठी योग्याला भेटतो आणि सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन दिवस दार लावून बसतो. लेल्यांनी सांगितलेलं एवढंच की विचार आपल्या आतून येत नाहीत, बाहेरून येतात, ते येताना बघ आणि आत शिरायच्या आधी बाहेर टाक. तीन दिवसांत मन रिकामं झालं. आणि मग तो माणूस हिमालयात नाही गेला, मुंबईला गेला, कारण १९ जानेवारी १९०८ ला तिथे सभा होती! बोलायचं काय, मन तर कोरं. लेले म्हणाले, सभेला नमस्कार कर आणि थांब, शब्द येतील. आले. तिथून नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर करत भाषणं देत गेले.

मे १९०८ मध्ये अलीपूर बाँब खटल्यात अटक, वर्षभर तुरुंग, मे १९०९ मध्ये सुटका, आणि एप्रिल १९१० मध्ये पाँडिचेरी, ती कायमची. १९२० मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद पुढे केलं तेव्हा नाही म्हणाले. माझ्या ओळखीचे सत्संगी लोक पाँडिचेरीचे अरविंद सांगतात आणि चळवळीतले लोक १९०८ चे. मला वाटतं दोघंही अर्धा माणूस घेऊन जातात. पाँडिचेरीत बसलेल्या याच माणसाने १९४२ मध्ये ब्रिटिशांची क्रिप्स योजना स्वीकारा म्हणून उघड संदेश दिला आणि दिल्लीला आपला माणूस पाठवला, काँग्रेसने ऐकलं नाही तो भाग वेगळा. गुजरातचे अंबुभाई पुराणी तर १९०८ मध्ये बडोद्यात अरविंदांना ऐकून पेटलेले, गुजरातभर आखाडे काढले, १९१८ मध्ये पाँडिचेरीला गेले ते क्रांती कधी सुरू करायची हे विचारायला. अरविंदांनी त्यांना साधना कर म्हटलं, तर हे म्हणाले देश स्वतंत्र होईपर्यंत मला झोप लागत नाही, आधी त्याची खात्री द्या. ती खात्री मागण्याची तळमळ मला फार आपली वाटते.

शनिवार

सकाळी दादा बरोबर आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, रोज पहाटे तासभर ध्यान करतो, खरंच करतो, त्याचा राग गेलाय, बीपीची गोळी कमी झालीय, हे सगळं मी पाहिलंय. आणि "मी राजकारणात पडत नाही" हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्याला म्हटलं कमाटीबागेत जाऊ. म्हणाला, झू बघायला का? म्हटलं नाही, वडाच्या झाडाकडे.

संकल्पभूमी, म्हणजे बाबासाहेबांच्या आठवणीची ती जागा. लोक येऊन फूल वाहत होते, एक आई लहान मुलीला वाचून दाखवत होती. दादा अख्खं आयुष्य बडोद्यात राहिला, इथे तो पहिल्यांदा थांबला.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण त्या जागी उभं राहून परत सांगाविशी वाटते. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन भीमरावांना कोलंबियाला पाठवलं. कराराप्रमाणे बडोदा संस्थानची नोकरी करायला ते सप्टेंबर १९१७ मध्ये इथे आले. जागा मिळेना. हिंदू हॉटेलात शक्यच नव्हतं, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, रोजचं भाडं दीड रुपया. अंधारी जागा, सोबत कुणी नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले, संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले. मग ते एका हिंदू मित्राकडे गेले, त्याचं म्हणणं तू आलास तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे गेले, तो म्हणाला बायकोला विचारावं लागेल. दोन्हीकडून नकार. मुंबईची गाडी रात्रीची, तोवर या बागेत बसून राहिले. कोलंबियातून एम. ए. करून, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये संशोधन करून आलेला माणूस, महाराजांचा अधिकारी.

मी दादाला म्हटलं, बघ ना, याच शहरात नऊ वर्षं आधी एका माणसाला ध्यानासाठी तीन दिवस खोली मिळाली, सरदारांनी थंडीसाठी पश्मिना शालसुद्धा दिली. आणि याच शहरात दुसऱ्या माणसाला रात्र काढायला खोली मिळाली नाही. तेव्हा या शहरात काय नव्हतं? विठ्ठल मंदिर होतं, कीर्तनं होती, दत्तभक्त होते, योगी होते, अग्यारी होती, चर्च होतं. इतक्या लोकांच्या इतक्या पूजेतून एक दार उघडलं नाही. आणि राजाकडे बघावं तर सयाजीरावांसारखा राजा त्या काळात कुठे होता, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, अंत्यजांसाठी शाळा काढल्या, विठ्ठल रामजी शिंद्यांना पाठबळ दिलं. राजाचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत चालला, धर्मशाळेच्या आत चालला नाही. मला त्या झाडाखाली हेच दिसलं की नुसत्या हुकमाला घराचा उंबरा ओलांडता येत नाही आणि नुसत्या पूजेला उंबरा दिसतच नाही.

दादा म्हणाला, "ते लोक आध्यात्मिक नव्हतेच मग."

हे सोपं उत्तर आहे असं मला वाटतं आणि मी त्याला तसं सांगितलं. तो ख्रिस्ती मित्र वाईट नव्हता, तो हिंदू मित्र तर मित्रच होता. दोघांनाही वाईट वाटलं असेल, रात्री प्रार्थनाही केली असेल. घरातल्या माणसाशी, नोकराशी, शेजाऱ्याशी भांडण नको एवढंच त्यांना हवं होतं. शांतता. आपण सगळेच ध्यानाला बसतो ते शांतता हवी म्हणून, आणि ती कुणाच्या जिवावर मिळतेय हे ध्यानात कळत नाही, ते बाहेर बघूनच कळतं.

बाबासाहेबांनी पुढे धर्म सोडून दिला का? नाही. कबीरपंथी घरातला माणूस, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी बुद्धाचं चरित्र हातात दिलेलं. महाड केलं, काळाराम केलं, घटना लिहिली, आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बुद्धाकडे गेले लाखो लोकांना घेऊन. आयुष्यभराचं राजकारण केल्यावर त्यांना वाटलं की कायद्याच्या खाली मैत्री, करुणा नसेल तर कायदा उभा राहणार नाही.

दुपारी कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. फार वेळ नव्हता, पण नंदलाल बोसांची भित्तिचित्रं चुकवू नका, मीराबाईची भिंत खास. हाच चित्रकार १९३८ मध्ये गांधींच्या सांगण्यावरून हरिपुरा काँग्रेससाठी ढोलकीवाले, सुतार, शिंपी रंगवत होता. संध्याकाळी सेव-उसळ खाल्ली, पुण्याच्या मिसळीशी तुलना करू नये, ही वेगळी गोष्ट आहे.

रात्री जेवताना आत्याकडून कळलं की त्यांच्या सोसायटीत एक फ्लॅट भाड्याने द्यायचाय, एका कुटुंबाचा अर्ज आलाय, नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, एक लहान मुलगा. अर्जावरचं आडनाव वाचून कमिटीने तो बाजूला ठेवलाय, नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. दादा कमिटीत आहे. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "त्यात राजकारण आहे गं, मी त्यात पडत नाही." मग ताटावर मान खाली घालून जेवला. मीही काही बोलले नाही.

रविवार

चांदोद-कर्नाळी. डभोईवरून रस्ता, साधारण दीड तास. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती असा संगम, होडीने पलीकडे जाता येतं, अमावास्येला कुबेरेश्वराला खूप गर्दी असते, आज बेताची होती. घाटावर सांगलीकडची परिक्रमावासी मंडळी भेटली, पायात साध्या चपला, खांद्याला झोळी, "नर्मदे हर" म्हणून एकदम मराठीत सुरू झाल्या बायका. पाय सुजलेले होते एकीचे, आत्याने पर्समधलं मलम दिलं.

इथे गंगनाथला ब्रह्मानंद स्वामी होते. अरविंद त्यांच्या दर्शनाला आले होते, एरवी डोळे मिटून बसणारे स्वामी त्यांच्याकडे डोळे उघडून पूर्ण बघत राहिले असं अरविंदांनीच सांगितलंय. कर्नाळीच्या एका कालीमंदिरात मूर्तीत जिवंत शक्ती आहे हे त्यांना जाणवलं, त्याआधी मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता. १९०५ मध्ये 'भवानी मंदिर' ही योजना त्यांनी लिहिली, डोंगरात भवानीचं देऊळ आणि तिथे देशासाठी तयार होणारे संन्यासी. ते देऊळ कधीच झालं नाही. पण केंब्रिजपासूनचे त्यांचे मित्र, 'इंदुप्रकाश'चेच संपादक केशवराव देशपांडे, यांनी इथे गंगनाथ विद्यालय काढलं, आणि मला विचाराल तर आजच्या दिवसातली खरी गोष्ट ही.

ती शाळा नंतर बडोद्यात आली. तिथे शिक्षकांना घरातल्यासारख्या नावांनी हाक मारायची पद्धत होती. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर साताऱ्याचे, ते तिथे 'काका' झाले. विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा' झाले. सरकारची वक्रदृष्टी झाली आणि शाळा बंद पडली. काका कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात निघून गेले, पायी हिंडले, साधना करायची म्हणून. सगळं सोडलेला माणूस १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधींना भेटतो आणि परत येतो, शाळेत, चळवळीत, तुरुंगात. आणि मामा फडके गोध्र्याला गेले, इथून जवळच, तिथे अंत्यज आश्रम चालवला, त्या मुलांसोबत राहिले, जेवले, त्यासाठी जातभाईंचं काय काय ऐकलं. ज्या वर्षांत बडोद्यात बाबासाहेबांना दार उघडलं नाही त्याच सुमाराची ही गोष्ट. मोठी नावं आपण पाठ करतो, मामांचं नाव माझ्या मंडळात कुणाला माहीत नसेल, आणि मला तर वाटतं माझ्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर तेच आहेत. त्यांनी देऊळ की सभा असा प्रश्नच घातला नाही. घर उघडलं.

दादा होडीत गप्प होता. परत येताना गाडी चालवत म्हणाला, "मामा फडक्यांच्या घरच्यांनी काय म्हटलं असेल?" मला या प्रश्नाचा आनंद झाला, कारण तो पहिल्यांदा विचारत होता, सांगत नव्हता.

सोमवार

शेवटचा दिवस, ट्रेन रात्रीची. सकाळी युनिव्हर्सिटीत गेले, जुन्या बडोदा कॉलेजचा तो प्रचंड घुमट, खाली मुलामुलींची गर्दी, कुणी पायऱ्यांवर अभ्यास करतंय, कुणी नुसतं बसलंय.

याच कॉलेजात विनायक नरहर भावे शिकत होता. इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून २५ मार्च १९१६ ला घरून निघाला, सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरली. त्याच्या आधी घरच्या चुलीत सर्टिफिकिटं जाळून झालेली. आई रुक्मिणीबाई म्हणाली होती, नोकरी नाही करायची तर नको, पण ठेवायला काय हरकत? विनोबा पुढे सांगायचे की त्यांना दोन ओढी होत्या, हिमालयाची आणि बंगालची, एकीकडे ब्रह्म आणि दुसरीकडे बाँब, आणि गांधींकडे गेल्यावर हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही एकाच ठिकाणी सापडली. आईसाठी मराठीत गीताई रचली, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजी ती उतरवून घेत होते, ऐकायला सत्याग्रही कैदी. १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली, एकाने शंभर एकर दिली आणि तिथून भूदान, वर्षानुवर्षं पायी.

पण विनोबांबद्दल लिहिताना १९७५ टाळता येणार नाही. आणीबाणी आली तेव्हा ते वर्षभराच्या मौनात होते, कागदावर 'अनुशासन पर्व' असं लिहून दाखवलं आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर लावलं. नंतर त्यांनी आचार्यांचं अनुशासन असा खुलासा केला. तोवर जयप्रकाशजी तुरुंगात जाऊन आले होते, सर्वोदयाचं घर दुभंगलं होतं. माझं विनोबांवर खूप प्रेम आहे, आमच्या घरात गीताई रोज म्हटली जाते, म्हणूनच हे दुखतं. मौन पाळणाऱ्या माणसाचा एक शब्दसुद्धा राज्य करणारे उचलून नेतात, तेव्हा खोलीत बसलेला माणूस राजकारणाच्या बाहेर नसतोच.

आणि दुसरी बाजू बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवलीय: धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र भक्ती, विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता. आमच्या मंडळातल्या त्या वडीलधाऱ्यांना ज्याची भीती वाटते ती हीच ना? देवळातली भक्ती उचलून कुणा नेत्याला वाहतील ही. ती भीती खरी आहे, मी त्यांच्यासोबत आहे. पण टँकरसाठीचं निवेदन कुणाची आरती नाही. ते लिहिताना उलट कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही, फक्त किती घरं, किती दिवसांनी पाणी, एवढंच. परत गेल्यावर हे त्यांना शांतपणे, भजन संपल्यावर, त्यांच्या शेजारी बसून सांगणार आहे. आणि तरी मंडळाला नको असेल तर आम्ही बायका आपापल्या नावाने सह्या करू, पण करू.

संध्याकाळी घरी आले तर दादा डायनिंग टेबलावर सोसायटीचे नियम काढून बसलेला. म्हणाला, "भाडेकरूला आडनावावरून नाही म्हणायचं असं कुठेच लिहिलेलं नाहीये." मग त्याने कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं की तो अर्ज येत्या मीटिंगमध्ये विषय म्हणून घ्यावा, आणि ज्याला नाही म्हणायचंय त्याने कारण लिहून द्यावं. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं, हात थोडे थरथरत होते, चाळीस घरं आहेत, रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं. दोन मिनिटांत कुणीतरी लिहिलं की भाई, आपण तर सत्संगवाले, यात कशाला पडता.

आत्या आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "फ्लॅट माझ्या नावावर आहे, मीटिंगला मी पण येणार. आणि त्या मुलाच्या आईला आधी घरी चहाला बोलाव, नुसतं कागदावर काय भांडता." दादाने अर्जावरचा नंबर शोधून फोन लावला तेव्हा माझी रिक्षा खाली येऊन उभी होती.